शोकप्रस्तावातली एक ओळ

सरांनी स्वतःचा शोकप्रस्ताव स्वतःच लिहून ठेवला होता आणि तो माझ्याकडे दिला होता. ते गेल्यावर ऑफिसच्या सभेत मी तो वाचायचा, असं ठरलं होतं. मी तो वाचला नाही, भलतंच वाचलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे माझ्याविषयी कुणाचं बरं मत व्हायला लागलं तर सांगणं आणखी जड जाईल.

आमचं ऑफिस दिल्लीत, सरकारी, भाषांतराचं. मराठी सेक्शन म्हणजे एका खोलीत चार टेबलं, एक खडखडणारा कूलर आणि सर. मी मराठवाड्यातून परीक्षा देऊन आलो तेव्हा ते त्या खोलीत चांगले मुरलेले होते. मूळचे यवतमाळकडचे. आमच्यासारखंच बौद्ध घर. पहिल्या दिवशी गाव, शिक्षण, भाड्याची खोली अशी सगळी चौकशी झाल्यावर मी आपलं बोलायचं म्हणून म्हणालो, की बघू आता, देवाच्या मनात असेल तसं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "कोणाच्या?" मी म्हटलं, सर, बोलायची पद्धत आहे. ते म्हणाले, भाषांतर करायला आलात ना, मग बोलता त्याचा अर्थ काय होतो ते बघायची सवय लावा. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, की साहेब डोक्याने थोडा सरकलेला आहे.

ते 'देव जाणे' म्हणत नसत, 'कोण जाणे' म्हणत. कुणाच्या नावाआधी 'स्वर्गीय' लिहिलेलं आलं की शांतपणे काट मारत. टेबलाच्या कोपऱ्याला गुडघा आपटला की मात्र चारचौघांसारखं 'आई गं' म्हणून कळवळत. मी एकदा त्यांना त्यावरून धरलं. म्हटलं, सर, संकटात तुम्हीही कुणाला तरी हाक मारताच की. "आईला मी पाहिलंय," ते म्हणाले आणि गुडघा चोळत बसले.

हिंदीवाले सहकारी त्यांना 'नास्तिकजी' म्हणायचे. प्रेमानेच, पण त्यांना ते आवडायचं नाही. म्हणायचे, माझ्या घरी हत्ती नाही, म्हणून तुम्ही मला बिनहत्तीवाला म्हणता का? जे नाही त्यावरून माणसाला कशाला ओळखायचं? मंगळवारी हिंदी सेक्शनमधून बुंदीचा प्रसाद यायचा. नवीन लोकांना वाटायचं, हा माणूस आता भाषण देणार. सर मूठभर बुंदी घ्यायचे आणि मागून पुन्हा हात पुढे करायचे. लाडवाशी आणि बुंदीशी आपलं काही भांडण नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग भांडण होतं कशाशी? हे मला बरीच वर्षं कळलं नाही. आमच्या लोकांनी देव सोडले त्यामागे अपमान होता, सगळ्यांना ठाऊक असलेला. सरांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक टोपलीत घालून नदीत सोडले होते, आणि आजीने दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. ही गोष्ट सर अभिमानाने सांगायचे. पण पुढे जे बोलायचे ते आमच्याकडच्या लोकांना सोसायचं नाही. म्हणायचे, देवळात येऊ दिलं नाही म्हणून देव सोडला, हे कारण अर्धंच आहे. उद्या दार उघडून या म्हणाले, तर जाल का परत? आणि टोपली नदीत सोडून आल्यावर कोनाडा रिकामा राहिला, तो चार महिनेसुद्धा तुम्हाला बघवला नाही. लगेच दुसरी तसबीर आणून ठेवली, नवस बोलायला लागलात. जयंतीच्या कार्यक्रमात एकदा ते हे माइकवरून बोलले. पुढल्या वर्षी त्यांना बोलावणं आलं नाही. सवर्णांमध्ये ते 'यांच्यातले' होते आणि आमच्यात 'डोकं फिरलेले'. गाझियाबादच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सोडल्या तर त्यांच्याशी मोकळं बोलणारं कुणी नव्हतं.

आमच्या घरीसुद्धा त्यांनी तेच केलं. पौर्णिमेला जेवायला बोलावलं होतं. बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती लावलेली पाहून त्यांनी बायकोला विचारलं, ही कुणासाठी? त्यांना वास येतो का? माझी बायको लातूरची, ऐकून घेणारी नव्हे. म्हणाली, "मला येतो. माझ्यासाठी लावलीय." सर इतके खूश झाले की काय सांगू. हे उत्तर बरोबर आहे, असं दोनदा म्हणाले. त्यानंतर दर वेळी घरी येताना तिच्यासाठी चांगल्या चंदनी उदबत्तीचा पुडा आणायचे.

आता शोकसभेचं सांगतो. सरकारी ऑफिसात नोकरीत असताना कुणी गेलं की दुपारी चारला सगळे कॉन्फरन्स रूममध्ये उभे राहतात. हिंदीतून शोकप्रस्ताव वाचला जातो, दोन मिनिटं मौन होतं आणि त्या दिवशी ऑफिस लवकर सुटतं. लोक घड्याळाकडे बघत उभे असतात, उगाच खोटं कशाला बोला. प्रस्तावाचा नमुना कॉम्प्युटरमध्ये तयार असतो. अमुकजी मिलनसार आणि कर्तव्यनिष्ठ होते, त्यांच्या जाण्याने अपूरणीय क्षति, आणि शेवटी, 'ईश्वर दिवंगत आत्मा को शांति प्रदान करे.' नाव आणि हुद्दा तेवढा बदलायचा. एकदा ऑफिसचा ड्रायव्हर गेला. त्याच्या आधी एक स्टेनो गेली होती, तिचा हुद्दा बदलायचा राहिला. सगळ्या ऑफिसने मान खाली घालून ड्रायव्हरला 'आशुलिपिक' म्हणून श्रद्धांजली वाहिली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त त्याच्या बायकोने बाहेर आल्यावर विचारलं, की आशुलिपिक म्हणजे काय, त्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून सरांनी ते काम स्वतःकडे घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणाला नकोही नव्हतं. कुणी गेल्याचं कळलं की ते खिशात छोटी डायरी घालून खोल्याखोल्यांतून फिरायचे. लोक म्हणायचे, फार चांगला माणूस होता हो. सर विचारायचे, म्हणजे काय करायचा? गुण नकोत, केलेलं सांगा. लोक वैतागायचे. पण हळूहळू आठवायला लागायचे. एक म्हातारा दफ्तरी गेला तेव्हा त्यांनी लिहिलं, की पावसाळा संपला की कुठल्या खिडकीत किती वाजता ऊन येतं हे यांना ठाऊक होतं, आणि ओल आलेल्या फायली ते रोज त्या त्या खिडकीत नेऊन उघडून ठेवत. यांनी वाळवलेल्या फायली अजून उघडतात. बस. शेवटी ना ईश्वर, ना आत्मा. 'आम्ही हे विसरणार नाही,' एवढं एक वाक्य. दफ्तऱ्याच्या बायकोला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद फ्रेम करून घेतला आणि घरी येईल त्या शिकलेल्या माणसाकडून ती तो वाचून घ्यायची.

मी विचारलं होतं, सर, एक ओळ टाकली ईश्वराची तर काय बिघडतं? घरच्यांना बरं वाटतं. ते म्हणाले, ती ओळ टाकली की लोकांना वाटतं, काम झालं. माणसाची नोंद ठेवायला वर कुणीतरी बसलाय, मग आपण कशाला ठेवा? मला वर कुणी दिसत नाही. म्हणून मला डायरी घेऊन फिरावं लागतं.

बोलायला हे छान आहे. पण असा माणूस जवळ असणं म्हणजे काय, ते मी भोगलंय. माझे वडील गेले, मी गावाहून कार्य उरकून परत आलो. सर भेटायला घरी आले. मी म्हणालो, आता बाबा वरून बघत असतील. त्यांनी विचारलं, "कुठून?" मुद्दाम खिजवायला नाही, खरोखर विचारावं तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंही बोललो नाही. मग एक दिवस टेबलावर एक कागद ठेवलेला. त्यांनी माझ्या भावाला, गावातल्या शाळेच्या मास्तरांना, कुणाकुणाला फोन करून वडिलांविषयी विचारलं होतं. कागदात एक ओळ होती, की मुलाने दिवाळीला येत नाही असं कळवलं तरी हे दर दिवाळीला संध्याकाळच्या बसला स्टॅंडवर जाऊन उभे राहत. हे मला माहीत नव्हतं. भावाने कधी सांगितलं नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो आणि बाहेर येऊन सरांना चहा आणून दिला. हा त्यांचा माझ्यावरचा उपकार, आणि तो मी कसा फेडला ते पुढे येतंच आहे.

वहिनींना कॅन्सर झाला. दोन वर्षं चाललं. शेवटच्या दिवसांत आम्ही आळीपाळीने डबा न्यायचो. एका दुपारी मी मुगाची खिचडी घेऊन गेलो तेव्हा सर पलंगाशी बसून त्यांचे पाय दाबत होते. त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता खिडकीशी उभी होती. ती लग्न होऊन गुरुग्रामला असते, मोठ्या कंपनीत नोकरीला आहे, आईसाठी रजा काढून आली होती. वहिनी जन्मभर सरांच्या रिकाम्या कोनाड्याच्या घरात गुपचूप राहिल्या. माझ्या बायकोबरोबर विहारात जायच्या, तेही सरांना सांगून. कधी वाद घातला नाही. त्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "अहो, भेटू ना आपण परत? नुसतं हो म्हणा."

सर पाय दाबायचे थांबले.

सुजाता म्हणाली, "बाबा, प्लीज. एक शब्द आहे."

सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी स्वतः पाहिलं. पण ते म्हणाले, "हिच्याशी मी एकदाही खोटं बोललो नाही. आता बोलू? आता तर ती माझं खोटं पकडूही शकणार नाही." आणि वहिनींना म्हणाले, "मला तसं वाटत नाही गं." वहिनींनी हळूहळू तोंड भिंतीकडे केलं. दोन दिवसांनी त्या गेल्या.

मला त्या दुपारी त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. अजून वाटते. अरे माणसा, तुझं ते सत्य कुठे पळून जात होतं? एका मरणाऱ्या बाईपुढे दोन दिवस कोपऱ्यात ठेवलं असतंस तर काय गंजलं असतं? सुजाता स्मशानातून सरळ गुरुग्रामला गेली आणि त्या दिवसापासून तिने वडिलांशी बोलणं सोडलं. फोन उचलायची नाही. सर दर रविवारी मेट्रोने जायचे, तिच्या सोसायटीच्या गेटवर नाव सांगायचे, वॉचमन वर फोन लावायचा, आणि मॅडम घरी नाहीत म्हणून सांगायचा. सर त्याला धन्यवाद देऊन परत यायचे. तीन वर्षं हा प्रकार चालला.

त्या तीन वर्षांत ते वहिनींचा कागद लिहायला बसले होते. भाजीवाल्याला विचारून आले, की ती भाव करायची का. सोसायटीतल्या बायकांना विचारलं. माझ्या बायकोला एकदा विचारलं, की हसताना ती तोंडावर पदर घ्यायची का हो? बायको चाटच पडली. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, तीस-बत्तीस वर्षं संसार करून हे माहीत नाही या माणसाला. डायऱ्या भरल्या, पण कागद पुरा झाला नाही. मी विचारलं की म्हणायचे, अजून माहिती येतेय.

आणि मग एक दिवस त्यांनी तो दुसरा कागद माझ्यापुढे ठेवला, स्वतःचा. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, तब्येत ठणठणीत. म्हणाले, वाचा, शंका असली तर आत्ताच विचारा, नंतर विचारता येणार नाही. हिंदीत लिहिलेलं होतं, मी इथे मराठीत सांगतो. जन्म कुठे, नोकरी किती वर्षं. दुसऱ्यांच्या भाषांतरात पुष्कळ चुका काढल्या. त्यांतल्या काही चुका नव्हत्या हे मागाहून कळलं, पण त्या लोकांना तसं सांगितलं नाही. मंगळवारची बुंदी आवडायची. आणि शेवटी हे: 'पत्नीने मरताना एक गोष्ट मागितली. ती माझ्याकडे नव्हती. असती तर दिली असती. मुलीला हे सांगता आलं नाही.' पुढे, मौन एक मिनिटाचं पुरे.

मी विचारलं, सर, हे घरातलं ऑफिससमोर वाचायचं?

"सुजाता येईल ना सभेला," ते म्हणाले. "एरवी ती माझं ऐकत नाही. सभेत मध्ये उठून जाता येत नाही. तुम्ही सावकाश वाचा."

सात महिन्यांनी ते गेले. सकाळी आंघोळ करून मोजे घालायला खुर्चीत बसले आणि तिथेच. सुजाता आली. वडिलांनी लिहून ठेवलं होतं त्याप्रमाणे तिने काही विधी न करता विद्युतदाहिनीत त्यांना दिलं. मी तिला म्हटलं, परवा चारला शोकसभा आहे, ये. ती म्हणाली, बघते.

आमचे डायरेक्टर नवीन होते. वाईट माणूस नव्हे, नम्र बोलणारा. सभेच्या दिवशी सकाळी मसुदा त्यांना दाखवायचा असतो, म्हणून मी सरांचा कागद टाइप करून नेला. त्यांनी सबंध वाचला. म्हणाले, अच्छा लिखा है, पर घर की बात यहाँ क्यों? और प्रार्थना कहाँ है? मी म्हटलं, साहेब, सर मानत नव्हते. ते म्हणाले, वो नहीं मानते थे, पर सभा तो हम सबकी है ना. मग कागद परत देताना म्हणाले, अब सेक्शन आप ही को देखना है, फाइल चल रही है, थोड़ा ध्यान रखिए.

त्यांनी धमकी दिली नव्हती. पण हल्ली कोण काय मानतो आणि कोण काय मानत नाही हे लोक लक्षात ठेवतात. अठरा वर्षं मी बढतीच्या त्या फाइलची वाट बघत होतो. मुलीची इंजिनिअरिंगची फी होती, ते एक. पण ते निमित्त झालं. खरं सांगायचं तर मी घाबरलो, आणि मला घाबरवायला डायरेक्टरांना एक वाक्यसुद्धा जास्त बोलावं लागलं नाही. मी "जी, बिल्कुल" म्हणालो. खोलीत आलो, कॉम्प्युटरमधला जुना नमुना उघडला, नाव घातलं, हुद्दा घातला. हुद्दा तीनदा तपासला. सरांना ते आवडलं असतं, असाही एक नीच विचार माझ्या मनात येऊन गेला.

चार वाजता सुजाता आली. नवऱ्याला घेऊन पहिल्या रांगेत उभी राहिली. मी वाचायला लागलो. मिलनसार, कर्तव्यनिष्ठ, अपूरणीय क्षति. ती खाली बघत होती. मग मी ती शेवटची ओळ वाचली, ईश्वराची. तिने झटकन मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली. मौनाची दोन्ही मिनिटं ती माझ्याकडेच बघत होती. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर माझी लाज काढणार. काढली असती तर बरं झालं असतं.

लिफ्टपाशी तिने मला गाठलं. चेहरा अगदी वेगळाच झालेला, लहान मुलीसारखा. म्हणाली, "काका, हे बाबांनीच लिहिलेलं ना? ते नेहमी म्हणायचे, माझं मीच लिहिणार, दुसऱ्याच्या हातात देणार नाही."

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. मग कळलं. तिने ती ओळ वडिलांची समजली होती. तिला वाटलं, तीन वर्षं एकट्याने काढून म्हातारा शेवटी वाकला, ईश्वर म्हणाला, आत्मा म्हणाला. म्हणजे आई कुठेतरी आहे असं त्याला वाटायला लागलं होतं. म्हणजे त्या दुपारी जे बोलला ते त्याने परत घेतलं.

सरांचा कागद माझ्या खिशात होता. हात घालून काढायचा तेवढा बाकी होता. त्यात तिच्यासाठी जे लिहिलं होतं ते खरं होतं, आणि माझ्या मते या नमुन्यातल्या ओळीपेक्षा शंभर पटीने मोठं होतं. पण तो काढला असता तर मी आत काय वाचून आलो तेही सांगावं लागलं असतं. आणि ती हसत होती हो. तीन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

ती माझा हात धरून रडली. म्हणाली, मी किती रविवार त्यांना गेटवरून परत पाठवलं काका, त्यांना हेच सांगायचं असेल. मी म्हणालो, असेल.

त्यानंतर दोनदा मी तो कागद घेऊन मेट्रोने गुरुग्रामपर्यंत गेलो. एकदा तिच्या सोसायटीच्या गेटवर पोचलो, वॉचमनने नाव विचारलं आणि मी चुकीच्या टॉवरला आलो असं सांगून परत फिरलो. बायकोला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा मी हलका निघालो, हे तिच्या तोंडावर दिसलं. ती एवढंच म्हणाली, की वहिनींना ते एक खोटं दिलं असतं तर निदान त्यांच्यासाठी असतं, तुम्ही दिलंत ते कुणासाठी? माझी बढती झाली. आता सेक्शन मी बघतो. कुणी गेलं की नमुना उघडतो.

सुजाताने वर्षश्राद्ध केलं. अठराव्या मजल्यावरचा फ्लॅट. आत धूर झाला की अलार्म वाजतो म्हणून हवन बाल्कनीत मांडलं होतं. सरांच्या फोटोला चंदनाचा हार, आणि काचेवर कपाळाच्या जागी कुंकवाचा टिळा. पंडितजी त्यांचं गोत्र विचारत होते. सुजाताने माझ्याकडे बघितलं, मी मला माहीत नाही म्हणालो, मग पंडितजींनी आपणच एक घालून दिलं. तिच्या सासरची माणसं मेरठकडची, साधी, अगत्याची. सासूबाईंनी मला आग्रहाने सोफ्यावर बसवलं, हातात ताट दिलं.

सुजाता माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "काका, मम्मीजींना सांगा ना. बाबा लास्टला काय म्हणाले होते? तुमच्याशी तर बोलले असतील ना. मला एक्झॅक्ट शब्द हवेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिचा नवरा, सासू-सासरे, दोन-चार शेजारी. मला काही माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. सर तेच म्हणाले असते. पण सुजाता ज्या तऱ्हेने वाट बघत होती, ते मला बघवेना. आणि शब्द जुळवणं हाच तर माझा धंदा. खोटं सांगायचं तर नुसतं 'देव आहे' असं सरांच्या तोंडी शोभलं नसतं, कुणाला पटलं नसतं. त्यांच्या पद्धतीचं हवं होतं. आखूड, साधं, गुण न सांगणारं.

मी म्हणालो, "शेवटचे आमच्या घरी आले होते तेव्हा निघताना, मोजे घालता घालता मला म्हणाले, की सुजाताची आई वाट बघत असेल, फार उशीर करून चालणार नाही."

सुजाताने ओढणी तोंडावर धरली. थोड्या वेळाने तिने तेच वाक्य सासूबाईंना हिंदीत करून सांगितलं. चांगलं भाषांतर केलं, एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. सासूबाईंनी फोटोकडे बघून हात जोडले आणि समाधानाने म्हणाल्या, "चलो, आख़िर में अक़्ल आ गई बेचारे को."

मी मान डोलावली आणि जेवायला लागलो.